नफा, नाझी आणि हॉलिवूडचे मौन

५ डिसेंबर १९३०. बर्लिनच्या नोलेनडॉर्फप्लाट्झ चौकातील मोझार्टझाल चित्रपटगृहात ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हा अमेरिकी चित्रपट सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. एकाएकी प्रेक्षागृहात घोषणा घुमू लागल्या, दुर्गंधी सोडणाऱ्या कुप्या फुटल्या आणि खुर्च्यांखालून पांढरे उंदीर धावत सुटले. गोंधळ घालणारे नाझी पक्षाचे कार्यकर्ते होते आणि त्यांचा सूत्रधार योझेफ गोबेल्स स्वतः तेथे हजर होता. सहाच दिवसांनी, ११ डिसेंबरला, जर्मनीच्या वरिष्ठ सेन्सॉर मंडळाने चित्रपटावर बंदी घातली. हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हा दोन वर्षांहून अधिक अवकाश होता.

उंदरांचा हा किस्सा अनेकांच्या वाचनात आलेला असतो. त्यापुढे जे घडले ते मात्र फारसे सांगितले जात नाही, आणि या धाग्याचा विषय तेच आहे.

चित्रपटाची निर्माती कंपनी होती युनिव्हर्सल. तिचा मालक कार्ल लेमले हा मूळचा जर्मन ज्यू. १८६७ साली वुर्टेम्बर्गमधील लाउपहाइम गावी त्याचा जन्म झाला आणि १८८४ मध्ये, विशीही न गाठता, तो अमेरिकेला गेला. जन्मगावाविषयीचा त्याचा जिव्हाळा अखेरपर्यंत टिकला. पहिल्या महायुद्धातील जर्मन सैनिकाकडे माणूस म्हणून पाहणारा हा चित्रपट जर्मनांना आवडेल, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. बंदी आल्यावर त्याच्यासमोर दोन मार्ग होते : चित्रपट जसा आहे तसा ठेवून जर्मन बाजारपेठ सोडणे, किंवा कात्री चालवणे. युनिव्हर्सलने कात्री निवडली. १९३१ मध्ये कापलेली आवृत्ती जर्मनीत पुन्हा संमत झाली; पण त्यासाठी कंपनीने मान्य केलेली अट महत्त्वाची होती. ही कापाकापी केवळ जर्मनीपुरती न ठेवता अन्य देशांतील प्रतींनाही लागू करायची होती. म्हणजे बर्लिनमधील एका दंगलीने दूरदेशीच्या प्रेक्षकाने काय पाहावे हे ठरवले.

जर्मन नोकरशाहीने यातून योग्य तो धडा घेतला. १९३२ साली परदेशी चित्रपटांच्या आयातीसंबंधी जे नवे नियम आले, त्यांतील १५व्या कलमाने एक शस्त्रच सरकारच्या हाती दिले. जर्मनीच्या प्रतिष्ठेस बाधक ठरणारा चित्रपट एखाद्या कंपनीने जगात कोठेही दाखवला, तर तिचे सर्वच चित्रपट जर्मनीत नाकारता येत असत. हे नियम वायमार प्रजासत्ताकाच्या काळातील आहेत, नाझींनी ते आयते मिळवले, ही गोष्ट नजरेआड करता कामा नये.

१९३३ मध्ये जॉर्ज गिसलिंग हा जर्मन वाणिज्यदूत लॉस एंजेलिसला येऊन दाखल झाला. कागदोपत्री त्याचे काम नेहमीचेच, व्यापार आणि पारपत्रे सांभाळण्याचे. प्रत्यक्षात हॉलिवूडमध्ये काय शिजते आहे यावर डोळा ठेवणे आणि खटकणाऱ्या पटकथेला वेळीच अडवणे हे त्याचे मुख्य कार्य झाले. वॉर्नर ब्रदर्सचा ‘कॅप्चर्ड!’ हा युद्धकैद्यांवरील चित्रपट त्याच्या पहिल्या लक्ष्यांपैकी एक. पत्र लिहायचे, १५व्या कलमाची आठवण द्यायची, मग वाट पाहायची, अशी त्याची कार्यपद्धती होती. बहुतेक वेळा एवढे पुरत असे.

एका परदेशी अधिकाऱ्याचे पत्र एवढे प्रभावी का ठरावे? याचे उत्तर बर्लिनमध्ये शोधण्यापेक्षा अमेरिकी चित्रपट-उद्योगाच्या रचनेत शोधणे अधिक उचित आहे.

१९१५ साली ‘म्युच्युअल फिल्म विरुद्ध ओहायो’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, वृत्तपत्राप्रमाणे त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय दिला. तो १९५२ पर्यंत कायम राहिला. म्हणजे ज्या काळाला हॉलिवूडचे सुवर्णयुग म्हटले जाते, तो जवळजवळ संपूर्ण काळ पडद्यावरील शब्दाला घटनेचे कवच नव्हते. प्रत्येक राज्याला आपले सेन्सॉर मंडळ नेमण्याची मुभा होती. या मंडळांच्या धाकाने आणि सरकारी कायद्याच्या भीतीने कंपन्यांनी स्वतःच स्वतःला बांधून घेतले. १९२२ मध्ये त्यांची संघटना स्थापन झाली आणि तिच्या प्रमुखपदी अमेरिकेचे माजी पोस्टमास्टर जनरल विल हेज यांना आणण्यात आले. १९३० मध्ये ‘प्रॉडक्शन कोड’ ही आचारसंहिता स्वीकारण्यात आली. चार वर्षे ती कागदावरच होती. १९३४ मध्ये कॅथलिक संघटनांनी बहिष्काराचा इशारा दिला, आणि जोसेफ ब्रीन याच्या हाताखाली तिची कठोर अंमलबजावणी सुरू झाली. ब्रीनच्या कार्यालयाचा शिक्का नसलेला चित्रपट दाखवला तर २५,००० डॉलर दंड.

दंडापेक्षा मोठी गोष्ट चित्रपटगृहांची होती. पॅरामाउंट, एमजीएम, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स, वॉर्नर ब्रदर्स आणि आरकेओ या पाच मोठ्या कंपन्या चित्रपट काढत, वितरित करत आणि शहरांतील मोक्याच्या चित्रपटगृहांच्या साखळ्याही त्यांच्याच मालकीच्या किंवा ताब्यातील होत्या. शिक्का नाही म्हणजे चित्रपटगृह नाही, आणि चित्रपटगृह नाही म्हणजे निर्मात्याचा पैसा बुडालाच. सरकारने तोंड दाबण्याची गरजच नव्हती.

या आचारसंहितेत एक कलम राष्ट्रीय भावनांविषयी होते. अन्य राष्ट्रांचा इतिहास, संस्था, प्रमुख व्यक्ती आणि नागरिक यांचे चित्रण न्याय्य असावे, असा त्याचा आशय. वाचताना हे कलम उदात्त वाटते. प्रश्न एवढाच की ‘राष्ट्र’ कोणाला म्हणायचे? ज्या देशाचा वाणिज्यदूत लॉस एंजेलिसमध्ये बसला होता आणि ज्याच्या बाजारपेठेचे दार बंद होऊ शकत होते, त्याच्या भावना हॉलिवूडला लगेच समजत. १९३९ साली आरकेओने ‘गंगा दिन’ काढला, त्यात हिंदी क्रांतिकारक म्हणून कालीचे नाव घेत गळे आवळणारे ठग दाखवले, तेव्हा या कलमाची आठवण फारशी कोणाला झाली नाही. पारतंत्र्यातील देशाला वाणिज्यदूत नसतो. मुंबईहून निघणाऱ्या ‘फिल्मइंडिया’ मासिकातून बाबूराव पटेलांनी त्या चित्रपटाविरुद्ध झोड उठवली आणि मुंबई व बंगाल प्रांतांत त्यावर बंदी आली. पण ती चित्रपट तयार होऊन जगभर गेल्यानंतर. गिसलिंगला पटकथेच्या टप्प्यावरच जे साधत असे, ते येथे साधले नाही.

आता १९३३ कडे परत. त्या वर्षी पटकथाकार हर्मन मॅन्कविट्झ याने ‘द मॅड डॉग ऑफ युरोप’ नावाची पटकथा लिहिली. हाच पुढे ‘सिटिझन केन’चा सहलेखक. एका जर्मन ज्यू कुटुंबाची नाझी राजवटीत होणारी वाताहत हा तिचा विषय. हिटलर सत्तेवर आल्याला तेव्हा काही महिनेच झाले होते. हेज यांनी निर्मात्याला आणि लेखकाला समज दिली. पुढे अल रोझेन या एजंटाने हक्क विकत घेऊन चिकाटीने प्रयत्न केले. न्यायालयाचे दारही ठोठावले. चित्रपट झाला नाही. ब्रीनचा युक्तिवाद असा होता की, या उद्योगात ज्यूंचे प्रमाण मोठे असल्याने असा चित्रपट ज्यूंचा प्रचार ठरेल आणि त्याची प्रतिक्रिया अमेरिकेत उमटेल. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, अमेरिकेतील काही ज्यू संघटनांनाही हीच धास्ती होती. त्यांनीही हा चित्रपट निघू नये असेच म्हटले. नफ्याची चिंता, ब्रीनसारख्यांचा पूर्वग्रह आणि अल्पसंख्याकांचे भय हे तीन वेगळे प्रवाह येथे एकाच निर्णयाला येऊन मिळतात.

दोन वर्षांनी सिंक्लेअर लुईसची ‘इट कान्ट हॅपन हिअर’ ही कादंबरी आली. अमेरिकेतच हुकूमशाही आली तर, ही तिची कल्पना. एमजीएमने हक्क विकत घेतले, सिडनी हॉवर्डसारख्या नामांकित नाटककाराकडून पटकथा लिहवून घेतली आणि १९३६ च्या प्रारंभी प्रकल्प गुंडाळला. लुईसने हेज कार्यालयावर उघड आरोप केला. कार्यालयाने तो नाकारला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सरकारी अनुदानावर चालणाऱ्या फेडरल थिएटर प्रोजेक्टने या कादंबरीचे नाट्यरूप अमेरिकेतील अनेक शहरांत एकाच रात्री रंगमंचावर आणले. विरोधाभास पाहण्यासारखा आहे : जे सरकारच्या पैशावर चालणाऱ्या नाटकमंडळीला जमले, ते खासगी मालकीच्या ‘स्वतंत्र’ उद्योगाला जमले नाही.

१९३७ च्या ‘द लाइफ ऑफ एमिल झोला’ या चित्रपटाचे उदाहरण तर अभ्यासक्रमात लावावे असे आहे. फ्रेंच सैन्यातील आल्फ्रेड ड्रेफस या अधिकाऱ्यावर तो ज्यू असल्याने हेरगिरीचा खोटा आळ आला आणि लेखक झोला त्याच्या बाजूने उभा राहिला, हा या चित्रपटाचा कणा. वॉर्नर ब्रदर्सने काढलेल्या या चित्रपटात ‘ज्यू’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. एका कागदावर तो क्षणभर दिसतो, इतकेच. पटकथेत असलेले उल्लेख जॅक वॉर्नरच्या सूचनेवरून गाळण्यात आले. ज्यूद्वेषाविरुद्धचा चित्रपट, ज्यू मालकाची कंपनी, आणि तो शब्दच गायब! या चित्रपटाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्करही मिळाले.

‘थ्री कॉम्रेड्स’ची कथाही त्याच वळणाची. रेमार्कच्या कादंबरीवर एमजीएमने १९३८ मध्ये तो काढला. ब्रीनने सुचवलेल्या बदलांनंतर काळ पहिल्या महायुद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांवर ढकलण्यात आला, जेणेकरून रस्त्यावर मारामारी करणारे तरुण नाझी आहेत असे कोणी ठामपणे म्हणू नये. या गुंडांना साम्यवादी म्हणून दाखवावे, अशीही एक सूचना पुढे आली होती. निर्माता जोसेफ मॅन्कविट्झ, म्हणजे हर्मनचा धाकटा भाऊ, त्यावर राजीनामा द्यायला निघाला, तेव्हा ती मागे पडली.

येथे एक हिशेब तपासून पाहिला पाहिजे. त्या काळी हॉलिवूडच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग परदेशांतून येत असे. पण त्यात सर्वांत मोठा वाटा ब्रिटनचा होता, जर्मनीचा नव्हे. शिवाय नाझी राजवटीच्या चलननिर्बंधांमुळे जर्मनीत मिळालेला पैसा देशाबाहेर काढणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. तिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे एमजीएम, पॅरामाउंट आणि फॉक्स या तीनच मोठ्या कंपन्या उरल्या होत्या, आणि त्यांचा नफा बव्हंशी मार्कांच्या रूपाने तेथेच अडकून पडे. मग एवढी आर्जवे कशासाठी? हाती असलेल्या नफ्यापेक्षा उद्याच्या नफ्याची आशा येथे अधिक प्रभावी ठरलेली दिसते. एकदा सोडलेली बाजारपेठ प्रतिस्पर्ध्याच्या घशात जाईल, राजवट कधीतरी बदलेल, तोपर्यंत पाय रोवून राहावे, असा हा व्यापारी विचार. ‘धंद्याचे हित’ म्हणजे रोकडवहीतला आकडा असे समजणाऱ्या अभ्यासकांची येथे गल्लत होते. हितसंबंध हेही एक प्रकारचे अनुमानच असते, आणि अनुमान चुकू शकते.

२०१३ साली या विषयावर दोन पुस्तके पाठोपाठ आली. बेन उरवांड यांच्या ‘द कोलॅबोरेशन’ने हॉलिवूडने नाझींशी संगनमत केले असा थेट आरोप ठेवला. टॉमस डोहर्टी यांच्या ‘हॉलिवूड अँड हिटलर’ने याच घटनांकडे भीती, गोंधळ, व्यापारी सावधपणा आणि आचारसंहितेची पकड यांच्या चौकटीतून पाहिले. उरवांड यांनी जर्मन कागदपत्रांत केलेली शोधाशोध मोलाची आहे, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागले. पण ‘संगनमत’ या शब्दाला समान उद्दिष्ट अभिप्रेत असते, आणि ते सिद्ध करणे कठीण आहे. याचे एक कारण लॉस एंजेलिसमध्येच सापडते.

लिऑन लुईस नावाच्या ज्यू वकिलाने १९३३ पासून त्या शहरातील नाझी समर्थकांच्या गटांत आपली माणसे पेरली होती. १९३४ च्या मार्चमध्ये हिलक्रेस्ट कंट्री क्लबमध्ये त्याने मोठमोठ्या स्टुडिओंच्या प्रमुखांना एकत्र बोलावून गोळा झालेली माहिती त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी पैसा दिला, आणि ही गुप्त हेरगिरी पुढील अनेक वर्षे चालू राहिली. म्हणजे जी माणसे पडद्यावर नाझींचे नाव काढू देत नव्हती, तीच खिशातून पैसे काढून नाझींच्या मागावर माणसे ठेवत होती.

लेमलेचेही तसेच. चित्रपटावर कात्री चालवू देणाऱ्या याच माणसाने पुढे जर्मनीतील ज्यूंना अमेरिकेत येता यावे म्हणून हमीपत्रांचा सपाटा लावला. अशा हमीपत्रावाचून व्हिसा मिळत नसे. तीनशेहून अधिक माणसांना त्याने बाहेर काढले असे मानले जाते. त्यांत लाउपहाइमचे अनेक जण होते. एकच माणूस एवढी हमीपत्रे कशी देणार, अशी शंका अमेरिकी अधिकारी काढू लागले, तरी तो थांबला नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांतच, तो वारला. लेमलेला भित्रा व्यापारी म्हणावे की तारणहार, हा प्रश्न विचारणाऱ्याने दोन्ही कागद समोर ठेवले पाहिजेत. एकाने दुसरा खोडला जात नाही.

मौन फुटले ते १९३९ मध्ये. न्यूयॉर्कमधील नाझी हेरांवर १९३८ साली चाललेल्या खटल्याच्या आधारे वॉर्नर ब्रदर्सने ‘कन्फेशन्स ऑफ अ नाझी स्पाय’ काढला. २७ एप्रिल १९३९ रोजी बेव्हर्ली हिल्समध्ये त्याचा पहिला खेळ झाला. जर्मन वकिलातीने निषेध नोंदवला, अनेक देशांनी बंदी घातली. वॉर्नर बंधूंच्या धैर्याचे कौतुक पुढे बरेच झाले, आणि ते अनाठायी नाही. मात्र वॉर्नर ब्रदर्सचा जर्मनीतील कारभार १९३४ सालीच आटोपला होता, हेही सांगितले पाहिजे. गिसलिंगचे १५वे कलम त्यांच्याविरुद्ध बोथट झाले होते. (जाता जाता : आपल्या बर्लिनमधील प्रतिनिधीला नाझींनी ठार मारले म्हणून आपण तेथून बाहेर पडलो, ही जॅक वॉर्नरने सांगितलेली कथा समाजमाध्यमांवर अजून फिरते. त्या प्रतिनिधीला मारहाण झाली होती, पण त्याचा मृत्यू नंतर स्टॉकहोममध्ये आजाराने झाला.) चार्ली चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ १९४० मध्ये आला. चॅप्लिनचा पैसा स्वतःचा, स्टुडिओ स्वतःचा आणि वितरक कंपनीतही तो भागीदार. एमजीएमने ‘द मॉर्टल स्टॉर्म’ काढला तोही १९४० मध्येच. त्यातही ‘ज्यू’ ऐवजी ‘अनार्य’ असाच शब्द वापरला आहे. त्यानंतर जर्मनीने एमजीएमला दार बंद केले.

मग वारे उलटे फिरले. १९४१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने हॉलिवूडचीच चौकशी आरंभली. आरोप असा, की चित्रपट-उद्योग अमेरिकेला युद्धात ढकलण्यासाठी प्रचार करत आहे. सिनेटर जेराल्ड नाय यांनी स्टुडिओप्रमुखांची नावे वाचून दाखवताना त्यांच्या परदेशी जन्माकडे बोट दाखवले. ब्रीनने आठ वर्षांपूर्वी ज्याची भीती घातली होती, तेच हे. गंमत अशी, की आरोप करणाऱ्यांनी त्यांतील अनेक चित्रपट पाहिलेलेच नव्हते, हे चौकशीत उघड झाले. डिसेंबरमध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि चौकशी विरून गेली.

आता तोच प्रचार देशकार्य ठरला. सरकारचे युद्धमाहिती कार्यालय पटकथा तपासू लागले. सोव्हिएत संघ मित्रराष्ट्र झाल्याने त्याची प्रतिमा उजळणे आवश्यक होते. १९४३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ‘मिशन टू मॉस्को’ काढून स्टालिनच्या खटल्यांचेही समर्थन केले. चार वर्षांत मित्र शत्रू झाला. ऑक्टोबर १९४७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांच्या समितीपुढे जॅक वॉर्नरला साक्षीसाठी उभे राहावे लागले. तेथे या चित्रपटाचा जाब त्याला देणे भाग पडले, आणि त्याने आपल्याकडील संशयित लेखकांची नावेही सांगितली.

२४ नोव्हेंबर १९४७ रोजी समितीला उत्तर देण्यास नकार देणाऱ्या दहा जणांवर काँग्रेसच्या अवमानाचा ठपका आला. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात स्टुडिओप्रमुखांची बैठक भरली. या दहा जणांना काम द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. तसे करण्यास त्यांना कोणत्याही कायद्याने भाग पाडले नव्हते. पुन्हा तेच गणित होते : बहिष्काराची धास्ती, वृत्तपत्रांचा रोष, तिकीटबारीवरील परिणाम.

त्या दहांत आरकेओचा निर्माता एड्रियन स्कॉट आणि दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिक हे दोघे होते. त्याच वर्षी त्यांनी ‘क्रॉसफायर’ काढला होता, ज्यूद्वेषातून झालेल्या खुनाची गोष्ट. मूळ कादंबरीत खून होणारा पुरुष समलैंगिक आहे. पण समलैंगिकतेचा उल्लेखही आचारसंहितेला मान्य नसल्याने चित्रपटात तो ज्यू झाला. चौदा वर्षे जो विषय पडद्यावर येऊ दिला नव्हता, तो आता दुसऱ्या निषिद्ध विषयाच्या जागी बसवता आला. चित्रपट गाजला, त्याने पैसाही मिळवला. नोव्हेंबर संपण्यापूर्वीच आरकेओने दोघांना नोकरीवरून काढून टाकले. २० मार्च १९४८ च्या ऑस्कर समारंभात ‘क्रॉसफायर’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच नामांकने होती. पुरस्कार ‘जंटलमन्स ॲग्रीमेंट’ला गेला. त्याचाही विषय ज्यूद्वेषच होता.